ग्लिसरीन बेसच्या घरगुती साबणाला घाम का सुटतो, थर का फुटतात आणि त्यावर काय करावे

आपल्या प्रश्नाचा सारांश असा आहे. दिवाळीच्या अभ्यंगस्नानासाठी आपण नाशिकच्या इंदिरानगरमधील घरी सप्टेंबरमध्ये एक किलो पारदर्शक ग्लिसरीन बेस वितळवून वड्या केल्या. त्यांत ताज्या कोरफडीचा गर, हळद, बेसन आणि दोन मोठे चमचे खोबरेल तेल घातले आणि वड्या लवकर घट्ट व्हाव्यात म्हणून साचे फ्रीजरमध्ये ठेवले. दुसऱ्या दिवशी वड्यांवर पाण्याचे थेंब जमले, दोन रंगांचे थर एकमेकांपासून सुटले, हळदीचा पिवळा रंग विटकरी झाला आणि कोरफडीच्या वड्यांवर काही आठवड्यांत काळे ठिपके उमटले. बेस हलक्या दर्जाचा होता का, घरात उरलेल्या साबणाच्या चिपा याच पद्धतीने वितळवता येतील का आणि बचत गटामार्फत अशा वड्या विकता येतील का, हे आपल्याला जाणून घ्यायचे आहे.

या वर्णनावरून बेसला दोष द्यावा असे मला वाटत नाही. चार तक्रारींपैकी तीन पाण्याशी, तेलाशी आणि तापमानाशी संबंधित आहेत. चौथी, म्हणजे हळदीची, साबणाच्या मूळ स्वभावाशी संबंधित आहे. चारही टाळता येतात, मात्र त्यासाठी बेस म्हणजे नेमके काय असते हे आधी समजून घेतले पाहिजे.

तेल किंवा चरबी आणि कॉस्टिक सोडा यांची रासायनिक क्रिया झाली की साबण आणि ग्लिसरीन तयार होते. चरबीची घडण कशी असते आणि साबण होताना तिच्यात काय बदल होतो, हे फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ शेव्रल यांनी १८२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या संशोधनात उलगडून दाखवले. आपण विकत आणतो त्या बेसमध्ये ही क्रिया कारखान्यातच पूर्ण झालेली असते, म्हणूनच कॉस्टिक सोड्याला हात न लावता स्वयंपाकघरात साबणाच्या वड्या पाडता येतात. बेसमध्ये स्टिअरिक आम्लाचा आणि नारळाच्या किंवा पामच्या तेलातील मेदाम्लांचा साबण असतो. त्याच्या जोडीला ग्लिसरीन, प्रॉपिलीन ग्लायकॉल, सॉर्बिटॉल किंवा साखर आणि पाणी असते. हे द्रावक साबणाचे मोठे स्फटिक होऊ देत नाहीत, त्यामुळे प्रकाश आरपार जातो आणि वडी काचेसारखी दिसते. शिवाय त्यांच्यामुळेच हा साबण गरम केल्यावर पातळ होऊन साच्यात ओतता येतो. पांढऱ्या बेसमध्ये बहुधा टायटॅनियम डायऑक्साइड घातलेले असते, एवढाच काय तो फरक. शेळीच्या दुधाचा, शिया बटरचा किंवा कोरफडीचा म्हणून मिळणारा बेस पाहिला, तर त्याचाही सांगाडा हाच असतो आणि नावातील पदार्थ त्यात थोड्या प्रमाणात मिसळलेला असतो.

याचा अर्थ असा की बेस हा कच्चा माल वाटला तरी तो पूर्ण झालेला साबण आहे आणि त्यातील पाणी, मेद व ग्लिसरीन यांचे प्रमाण आधीच जुळवलेले आहे. आपण वरून जे घालतो, त्याने हे प्रमाण थोडे तरी बिघडतेच. सुगंध, रंग, चूर्ण, तेल हे सगळे धरून किलोमागे ३० ते ३५ ग्रॅमच्या पुढे जाऊ नये, असा माझा आग्रह असतो. आपल्या वड्यांत नुसते खोबरेल तेलच २५ ग्रॅमच्या आसपास गेले असणार आणि कोरफडीचा गर व बेसन त्याहून वेगळे.

खरेदी करताना वेष्टनावरील घटकांची यादी वाचावी. ज्या पाकिटावर यादीच नाही, ते कितीही स्वस्त असले तरी घेऊ नये. सोडियम लॉरिल सल्फेट हा फेस वाढवणारा घटक काही बेसमध्ये असतो. ज्यांची त्वचा कोरडी आहे त्यांनी तो नसलेला बेस निवडावा. आपल्या परिसराला कूपनलिकेचे पाणी येत असेल, तर त्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियमच्या क्षारांमुळे कोणत्याही खऱ्या साबणाचा फेस कमी येतो आणि बादलीच्या कडेला पांढरट चोथा बसतो. गंगापूर धरणातून येणाऱ्या नळाच्या पाण्याने हीच वडी धुऊन पाहिली तर फरक लक्षात येईल, त्यामुळे फेसावरून बेसची परीक्षा करण्याआधी पाणी कोणते आहे ते पाहावे.

आता वितळवण्याकडे येऊ. बेसचे दोन-अडीच सेंटिमीटरचे सारखे तुकडे करावेत, कारण लहानमोठे तुकडे असले की लहान तुकडे तापत राहतात आणि मोठे वितळायचेच असतात. रुंद पातेल्यात पाणी मंद उकळत ठेवून त्यात स्टीलचे किंवा उष्णतारोधक काचेचे भांडे बसवावे आणि त्यावर झाकण ठेवावे. झाकण दोन कारणांसाठी महत्त्वाचे आहे : बेसमधील पाणी उडून जात नाही आणि पृष्ठभागावर साय धरत नाही. मात्र झाकणाला आतून लागलेले पाणी भांड्यात गळू देऊ नये. मायक्रोवेव्ह वापरायचा असल्यास एका वेळी ३० सेकंदांपेक्षा अधिक चालवू नये. तीन-चतुर्थांश बेस पातळ झाला की आच बंद करावी, कारण उरलेले तुकडे त्या उष्णतेवरच विरघळतात. सावकाश ढवळावे, घोटू नये. रवीसारखे घुसळले की हवेचे बुडबुडे अडकतात आणि ते नंतर काढणे कठीण जाते.

बहुतेक बेस ५५ ते ६५ अंश सेल्सिअसला पूर्ण पातळ होतात. ७० अंशांच्या पुढे नेण्याची गरज नसते, आणि ७५ ते ८० अंशांवर रेंगाळलेला बेस पिवळसर पडतो, त्याला करपट वास येतो, पाणी उडाल्यामुळे तो थंड झाल्यावर रबरासारखा चिवट होतो. म्हणून खाद्यपदार्थांसाठी मिळतो तो डिजिटल तापमापक आणि ग्रॅम दाखवणारा वजनकाटा या दोन वस्तूंवर आधी खर्च करावा, साचे नंतर घ्यावेत. माझ्या पाहण्यात नवीन माणसे याच्या नेमके उलट करतात : आकर्षक साच्यांचा ढीग जमतो आणि तापमान मात्र बोट बुडवून ठरवले जाते. बोट बुडवण्याचा प्रकार तर पूर्णपणे टाळावा. वितळलेला साबण त्वचेला चिकटून राहतो, त्यामुळे त्याने होणारी भाजणूक गरम पाण्याच्या चटक्यापेक्षा खोल जाते. लहान मुलांना सोबत घ्यायचे असल्यास रंग निवडणे आणि थंड झालेल्या वड्या काढणे ही कामे त्यांना द्यावीत.

साच्यात किती बेस लागेल हे ठरवण्यासाठी साच्यात काठोकाठ पाणी भरून त्या पाण्याचे वजन करावे. बेस त्याच वजनाचा किंवा किंचित जास्त लागतो. नंतर साचा अगदी कोरडा पुसावा.

आता आपण काय काय घातले त्याचा विचार करू, कारण खरी अडचण तिथेच आहे. ताज्या कोरफडीच्या गरात जवळजवळ सगळे पाणीच असते आणि उरलेला भाग सहज कुजणारा असतो. कारखान्यातून आलेला बेस टिकतो, कारण त्यात मोकळे पाणी कमी असते आणि तो अल्कधर्मी असतो. त्यात ताजा गर, ताजे दूध, काकडीचा रस, तुळशीची पाने किंवा फळांचा लगदा घातला की त्या त्या ठिकाणी ओलाव्याचे कप्पे तयार होतात आणि बुरशीला जागा मिळते. आपल्याला दिसलेले काळे ठिपके बुरशीचेच असण्याची शक्यता मोठी आहे. कोरफड हवीच असेल तर तिचा बेस तयार मिळतो, किंवा सुकवलेल्या गराची पूड अर्धा किलोला अर्धा छोटा चमचा घालता येते. दुधाच्या बाबतीतही दूध पावडर तेवढीच घालावी आणि ती आधी थोड्या ग्लिसरीनमध्ये कालवून घ्यावी. मध अर्धा किलोला एका छोट्या चमच्याहून अधिक घातला की वडी मऊ आणि चिकट होते. गुलाबाच्या पाकळ्या वाळवून घातल्या तरी काही दिवसांत तपकिरी पडतात. रंग टिकवणारी पाकळी कॅलेंडुला या झेंडूसारख्या फुलाची. लिंबाचा रस घालणाऱ्यांना मी एवढेच सांगतो की आम्ल साबणाचे पुन्हा मेदाम्लात रूपांतर करते, म्हणजे आपण पैसे देऊन आणलेला साबण स्वतःच्या हाताने मोडतो.

हळदीचे उत्तर आपल्या देवघरात आहे. हळदीला चुन्याची किंवा तशाच अल्कधर्मी पदार्थाची जोड दिली की ती लाल होते आणि पारंपरिक कुंकू याच तत्त्वावर तयार होते. साबणाचा सामू (pH, म्हणजे आम्ल-अल्कतेचे माप) साधारण ९ ते १० असतो, म्हणजे तो अल्कधर्मी असतो, त्यामुळे हळदीतील कर्क्युमिन हे रंगद्रव्य साबणात गेल्यावर केशरी, विटकरी, लालसर अशा छटांकडे झुकते. पुढे उजेडात हा रंग फिकाही पडतो. म्हणून पिवळ्या वडीसाठी हळद वापरू नये. अर्धा किलोला एक चिमूट घालून मिळणारी पीचसारखी छटा आवडत असेल तर घालावी, पण जास्त हळदीने पांढरे टॉवेल डागाळतात आणि ती तक्रार आपल्याकडेच परत येते. पिवळ्या रंगासाठी सौंदर्यप्रसाधनांच्या दर्जाचा पिवळा आयर्न ऑक्साइड किंवा मायका (अभ्रकाची रंगीत चमकदार पूड) घ्यावा. पालक, कडुलिंब यांच्या हिरव्या पुडी उजेडात मातकट होतात, बीट तपकिरी होते. खाण्याचे रंग पाण्यात विरघळणारे असल्यामुळे एका थरातून दुसऱ्या थरात पसरतात आणि आठवडाभरात दोन रंगांची रेघ पुसट होते. रांगोळीचे रंग, गुलाल आणि मेणबत्तीचे रंग त्वचेसाठी बनवलेले नसतात, ते साबणात कधीही घालू नयेत.

उटण्याबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण दिवाळीच्या सुमारास सर्वाधिक विचारणा याचीच असते. नागरमोथा, वाळा, कपूरकाचरी, आंबेहळद, संत्र्याची साल, मुलतानी माती ही द्रव्ये पंचवटी किंवा रविवार कारंजा भागात काष्ठौषधी विकणाऱ्यांकडे मिळतात. पण ती भरड असतील तर साबणात टोचतात आणि तळाशी बसतात. त्यामुळे चूर्ण वस्त्रगाळ करूनच घ्यावे, अर्धा किलो बेसला एका छोट्या चमच्याच्या वर जाऊ नये आणि चूर्ण आधी ग्लिसरीनमध्ये कालवून मग बेसमध्ये मिसळावे, म्हणजे गुठळ्या होत नाहीत. आंबेहळद थोडी असली तरी तिच्यामुळे रंग बदलणार हे गृहीत धरावे. डाळीचे पीठ आणि बेसन मी साबणात घालू देत नाही. न्हाणीघरात वडी सतत ओली राहते, पीठ फुगते, पृष्ठभाग बुळबुळीत होतो आणि ओलसर पिठावर बुरशी येण्यास वेळ लागत नाही. चंदनाच्या नावाने स्वस्तात मिळणाऱ्या पुडीविषयी सांगायचे तर खऱ्या चंदनाचा भाव पाहावा आणि त्या पुडीत ते किती असेल याचा अंदाज आपणच करावा. माझे प्रामाणिक मत विचाराल, तर उटणे वाटीतच बरे. ते तेलाबरोबर अंगाला लावावे आणि साबणाच्या वडीला केवळ वाळ्याचा किंवा नागरमोथ्याचा सुगंध द्यावा. दोन्ही आपापले काम नीट करतात.

सुगंधासाठी त्वचेवर वापरण्यास योग्य असे लिहिलेले सुगंधी तेल किंवा इसेन्शियल ऑइलच घ्यावे. अगरबत्तीचे किंवा डिफ्यूझरचे तेल चालत नाही. प्रमाण थेंबांत मोजू नये, कारण प्रत्येक ड्रॉपरचा थेंब वेगळा असतो. अर्धा किलोला ५ ते ८ ग्रॅम पुरेसे होते आणि लहान मुलांसाठी असेल तर सुगंध न घालणेच चांगले. दालचिनी, लवंग आणि गवती चहा यांची तेले काही जणांच्या त्वचेला झोंबतात, म्हणून ती याहून बरीच कमी लागतात. पुरवठादाराने दिलेली कमाल मर्यादा पाहून त्याच्या आतच राहावे. बेस ६० अंशांच्या खाली आल्यावर सुगंध घालावा, नाहीतर त्यातील उडणारा भाग वाफेबरोबर निघून जातो आणि स्वयंपाकघर दरवळते पण वडी फिकी राहते. व्हॅनिलिन (व्हॅनिलाचा वास देणारा घटक) असलेल्या सुगंधाने पांढरी वडी हळूहळू तपकिरी होते, हे घेतानाच विचारून घ्यावे. जादा तेल घालण्याचा मोह बहुतेकांना होतो, कारण आपल्याकडे तेल म्हणजे पोषण असे समीकरण आहे. परंतु बेसमध्ये कॉस्टिक शिल्लक नसल्यामुळे वरून घातलेले तेल साबणात बदलत नाही, ते तेलच राहते. ते फेस मारते, वडी मऊ करते आणि थरांच्या मध्ये येऊन त्यांना चिकटू देत नाही. अर्धा किलोला एक छोटा चमचा, एवढीच त्याची मर्यादा.

थर सुटण्याचे एक कारण हे तेल, दुसरे कारण तापमान. पहिला थर ओतल्यावर त्यावर बोटाने हलके दाबल्यास खळगा पडणार नाही अशी साय धरू द्यावी, पण तो पूर्ण थंड होऊ देऊ नये. मग त्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोलचा बारीक फवारा मारून दुसरा थर ५० ते ५५ अंशांवर असताना ओतावा. त्याहून गरम असेल तर तो खालचा थर वितळवून रंग एकत्र करतो, थंड असेल तर नुसता वर बसतो आणि वापरताना सुटतो. मधे काही कारणाने वेळ गेला आणि पहिला थर गार झाला, तर काट्याच्या टोकाने त्यावर रेघा ओढून, फवारा मारून मग ओतावे. हाच फवारा वरच्या पृष्ठभागावरील बुडबुडे फोडतो. मात्र हे अल्कोहोल अत्यंत ज्वालाग्राही आहे आणि आपण हे काम गॅसच्या शेगडीशेजारी करतो, हे विसरू नये : फवारा मारण्यापूर्वी गॅस बंद असावा, देवघरातील समई किंवा उदबत्ती जवळ नसावी आणि खिडकी उघडी असावी. चूर्ण किंवा खसखस तळाशी जाऊ नये असे वाटत असेल, तर बेस ढवळत ढवळत ५० अंशांच्या आसपास येऊ द्यावा. तो थोडा दाटतो आणि कण मधे तरंगत राहतात.

भरलेले साचे सपाट जागी न हलवता घरातील तापमानावर ठेवावेत. १०० ग्रॅमची वडी हिवाळ्यात दोन-तीन तासांत, मे महिन्यात चार तासांत किंवा त्याहून थोड्या उशिरा निघते. फ्रीजर वापरू नये. तिथून बाहेर आलेल्या थंडगार वडीवर हवेतील बाष्प लगेच जमते, आणि झटक्यात गार झाल्याने थरांच्या सांध्यावर ताणही येतो. आपल्या वड्यांचे थेंब दुसऱ्याच दिवशी दिसले, त्यामागे फ्रीजरचा वाटा नक्की आहे.

उरलेला वाटा नाशिकच्या हवेचा. ग्लिसरीन हवेतील ओलावा ओढून घेते. त्वचेसाठी ते चांगले मानले जाते ते याच गुणामुळे, आणि वडीला घाम सुटतो तोही याच गुणामुळे. नाशिकला जूनच्या मध्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंत हवा दमट असते, जुलै-ऑगस्टच्या झडीत तर कपडेसुद्धा दिवसेंदिवस वाळत नाहीत. अशा वेळी उघडी ठेवलेली ग्लिसरीनची वडी काही तासांत ओली दिसू लागते. तो बिघाड नव्हे. वडी वापरता येते, परंतु पाकिटात ओल साचते, लेबल सुटते आणि घेणाऱ्याला माल जुना वाटतो. दिवाळी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये येते, पण तयारी सप्टेंबरमध्ये सुरू होते, आणि नेमका तोच काळ या कामाला सर्वात गैरसोयीचा आहे. शक्य असेल तर कोजागरीच्या सुमारास पाऊस ओसरून हवा कोरडी झाल्यावर वड्या पाडाव्यात. या साबणाला महिनाभर मुरवत ठेवण्याची गरज नसते, त्यामुळे दिवाळीच्या आठ-दहा दिवस आधी काम झाले तरी चालते. वर्षभर काम करणाऱ्यांनी कोजागरी ते होळी हा काळ मोठ्या उत्पादनासाठी धरावा.

पावसाळ्यातच करायचे असेल तर भात किंवा वरण शिजत असलेल्या स्वयंपाकघरात करू नये, वातानुकूलित खोली असल्यास साचे तिथे ठेवावेत आणि वडी पूर्ण थंड होऊन साच्यातून निघाली की त्याच बैठकीत ती प्लास्टिकच्या ताणफिल्ममध्ये घट्ट गुंडाळावी. वडी कोमट असताना गुंडाळली तर तिचीच वाफ आत अडकते. बटर पेपर आणि कागदी पट्टी दिसायला सुंदर असली तरी ओल अडवत नाही, म्हणून ती फिल्मच्या वरून लावावी. वडीला हातमोजे घालूनच हात लावावा, कारण पारदर्शक साबणावर बोटांचे ठसे उमटतात. घाम कमी सुटावा अशा घडणीचे वेगळे बेसही मिळतात. ते थोडे महाग पडतात, पण पावसाळ्यात ऑर्डर घेणाऱ्याने त्यांचाच विचार करावा. उन्हाळ्यात याच्या उलट होते. एप्रिल-मेच्या कोरड्या झळांत उघड्या वडीतील पाणी उडते, कडा आत ओढल्या जातात आणि वजन घटते, म्हणून वेष्टन बारा महिने लागतेच. न्हाणीघरात भोके असलेली साबणदाणी ठेवावी, कारण पाण्यात बसलेली ग्लिसरीनची वडी साध्या साबणापेक्षा फार लवकर झिजते.

घरात उरलेल्या साबणाच्या चिपांचा प्रश्न वेगळा आहे. बाजारातील नेहमीच्या अंघोळीच्या साबणात बेसमध्ये असतात तसे द्रावक नसतात. तो दळून, दाबून घडवलेला असतो, म्हणून कितीही तापवला तरी ओतण्याजोगा पातळ होत नाही. त्यांच्या चिपा किसून घ्याव्यात, २०० ग्रॅम किसाला ५० ते ६० मिलिलिटर गरम पाणी घालावे आणि झाकण ठेवून पाण्याच्या वाफेवर मंद शिजू द्यावे. अर्ध्या-पाऊण तासात त्याचा मऊ खिचडीसारखा गोळा होतो. तो चमच्याने साच्यात दाबून भरावा, साचा ओट्यावर आपटून हवा काढावी आणि वडी हवेशीर जागी दोन-तीन आठवडे वाळू द्यावी. ती खडबडीत दिसते, पण काटकसर म्हणून उत्तम. हा कीस ग्लिसरीन बेसमध्ये मिसळू नये, कारण गुठळ्या राहतात आणि बेस गढूळ होतो. कपडे व भांडी धुण्याच्या वड्यांचे तुकडे यात चुकूनही जाऊ देऊ नयेत.

आपल्या हातातील वड्यांचे काय करावे? ठिपके पडलेल्या सगळ्या टाकून द्याव्यात. पुन्हा वितळवल्याने त्या सुरक्षित होत नाहीत. कोरफड नसलेल्या पण घाम सुटलेल्या वड्या कोरड्या सुती कापडाने टिपून, पंख्याखाली काही तास ठेवून गुंडाळाव्यात. थर सुटलेल्या वड्यांत बेसन किंवा कोरफड गेलेली नसेल, तर त्या एकत्र वितळवून त्यात दुप्पट नवीन बेस घालावा, म्हणजे तेलाचे प्रमाण मर्यादेत येते. या खेपेस रंग कसाही आला तरी चालेल असे धरून त्या घरी वापराव्यात, भेट म्हणून देऊ नयेत.

विक्रीबाबत स्पष्ट लिहिणे भाग आहे. घरच्या वापरासाठी वड्या करण्यास कोणतीही अडचण नाही. विकण्यासाठी मात्र, आपण केवळ तयार बेस वितळवून ओतत असलात तरी, १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्यानुसार ते उत्पादन ठरते, कारण त्या कायद्यातील उत्पादनाच्या व्याख्येत विक्रीसाठी केलेले बदल, सजावट, पॅकिंग आणि लेबल लावणेही येते. सौंदर्यप्रसाधने नियम, २०२० नुसार उत्पादन परवाना राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडून घ्यावा लागतो. त्यांचे विभागीय कार्यालय नाशिकमध्येच आहे, तेथे जाऊन जागा, तांत्रिक व्यक्ती आणि शुल्क यांच्या अटी विचाराव्यात. परवान्यासाठी स्वतंत्र जागा लागते, राहत्या घराच्या ओट्यावर तो मिळण्याची अपेक्षा ठेवू नये. लहान गटांना लोन लायसन्सचा मार्ग अधिक सोपा पडतो, त्यात परवानाधारक कारखान्याच्या सोयी वापरून आपला माल तयार करता येतो. डोंगरे वसतिगृह मैदानावरच्या प्रदर्शनात शेजारच्या टेबलावर विनापरवाना साबण विकला जाताना दिसला, तरी ते प्रमाण मानू नये.

लेबलवर उत्पादकाचे नाव व पत्ता, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, घटक, उत्पादनाचा महिना व वर्ष, वापराची मुदत, निव्वळ वजन आणि सर्व करांसह कमाल किंमत असावी लागते. मुरुमे, गजकर्ण किंवा खाज बरी होते असे लिहिले की वस्तू सौंदर्यप्रसाधनाची न राहता औषधाच्या नियमांत जाते, म्हणून तसा दावा छापू नये आणि तोंडीही करू नये. केमिकलमुक्त हा शब्दही टाळावा, कारण साबण स्वतःच सोडियमचे रासायनिक संयुग आहे. निव्वळ वजनाच्या बाबतीत, साठवणीत थोडे पाणी उडते हे लक्षात घेऊन १०० ग्रॅमच्या वडीसाठी १०४ ते १०५ ग्रॅम ओतावे आणि प्रत्येक बॅचमधील एक वडी गुंडाळून बाजूला ठेवून दर महिन्याला तोलावी. वेष्टनातून किती वजन घटते हे त्यावरून कळते आणि पुढच्या बॅचला किती जादा ओतायचे ते ठरवता येते.